पत्त्याचा रकाना

सोसायटीच्या गेटपाशी वॉचमनच्या केबिनला लागून प्लास्टिकचं टेबल मांडलं होतं. त्यावर निवेदनाचे कागद आणि सुतळीनं बांधलेलं एक पेन. रविवारची सकाळ होती. फिरून येणारे, भाजी घेऊन येणारे थांबत होते, दोन शब्द बोलत होते, सही करत होते. विषय साधाच होता. आमच्या समोरच्या रस्त्यावर गतिरोधक, चालण्याजोगा फूटपाथ आणि झेब्रा क्रॉसिंग मिळावं. तेवढ्यात आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी गेटमधून आत शिरल्या. "ताई, कसला कागद हाय?" मी सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "मग माझीबी घ्या की सही. रस्त्यानं तर मीच चालते." पेन त्यांच्या हातात गेलंच होतं, तेवढ्यात आमचे अध्यक्ष काका अगदी शांतपणे म्हणाले, "मावशी, हे फक्त रहिवाशांसाठी आहे हो. फ्लॅट नंबर लिहावा लागतो." मावशी "बरं" म्हणाल्या, पिशवी उचलली आणि लिफ्टकडे गेल्या. त्यांना राग आलेला दिसला नाही. उशीर होत होता, पुढची घरं राहिली होती.

तो "बरं" माझ्या मनातून जाईना.

काकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. या रस्त्यासाठी त्यांनी जितक्या खेपा घातल्या, तितक्या कुणी घातल्या नाहीत. निवृत्त माणूस, गुडघे दुखतात, तरी छत्री घेऊन प्रभाग कार्यालयात जाऊन बसायचे. नियमात बसेल असं निवेदन असावं, कुणाला त्यात खोट काढता येऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. आणि तरीही त्या कागदावर ज्यांची नावं होती आणि त्या रस्त्यावर ज्यांचे पाय होते, ती माणसं वेगवेगळी होती. हे एकदा दिसलं आणि मग दिसतच राहिलं.

आमचा रस्ता म्हणजे 18 मीटर रुंदीचा डीपी रस्ता, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात आखलेला. पाचसहा वर्षांपूर्वी इथे शेतं होती, बांधावर बाभळी होत्या. आता दोन्ही बाजूंना सोसायट्या आहेत आणि रस्त्याच्या पश्चिमेच्या टोकाला, ओढ्यालगत, वस्ती आहे. वस्ती सोसायट्यांच्या आधीपासूनची. पहाटे साडेपाचला वस्तीतून बायका निघतात, तेव्हा रस्त्यावरचे दिवे पिवळट जळत असतात आणि पाण्याच्या टँकरांची पहिली फेरी सुरू झालेली असते. टँकरवाल्यांना फेऱ्यांवर पैसे, त्यामुळे रस्ता मोकळा दिसला की ते दाबून निघतात. फूटपाथ आहे, कागदावर पूर्ण लांबीचा आहे. प्रत्यक्षात त्यावर चढलं की दहा पावलांवर वीज कंपनीची वीजवाटपाची पेटी, म्हणजे डीपी बॉक्स, त्याच्या दारावर लाल कवटी. त्यापुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक, एकावर पाय दिला की दुसऱ्या बाजूनं चिखलाचं पाणी पिचकारीसारखं साडीवर येतं. मग लावलेल्या दुचाक्या, मग प्रत्येक सोसायटीच्या गेटसाठी कापलेला उतार, मग गुलमोहराचं झाड, ज्याच्या मुळांनी कर्बचा दगड उचलून आडवा टाकला आहे. दर गेटपाशी उतरायचं, पुन्हा चढायचं. पाय दुखणारी बाई हे दोनदा करते आणि तिसऱ्यांदा सरळ डांबरावरून चालू लागते. मग मोटारीतून कुणीतरी काच खाली करून म्हणतं, "फूटपाथ कशाला दिलाय?"

आमच्यापैकी बहुतेक जण तळघरातल्या पार्किंगमधून गाडीत बसूनच बाहेर पडतात. शाळेची बस आत गेटपर्यंत येते. भाजी, औषधं, दूध, सगळं दारात येतं. रस्ता आम्हाला काचेतून दिसतो. पायी चालतात त्या मावशी, वॉचमनची बायको आणि तिची दोन मुलं, इस्त्रीवाला, बांधकामावरचे मजूर, अंगणवाडीत मुलाला कडेवर घेऊन जाणारी आजी, आणि सकाळी फिरायला जाणारे आमचे ज्येष्ठ नागरिक. आमचा कागद निघाला तोही या ज्येष्ठांपैकी एका आजोबांना दुचाकीनं धक्का दिला तेव्हा. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. सगळी सोसायटी हळहळली, ग्रुपवर रात्रभर चर्चा झाली, दुसऱ्या दिवशी निवेदनाचा मसुदा तयार. ते योग्यच झालं. पण त्याच्या आदल्या दिवाळीत मावशींच्या शेजारच्या मुलाच्या पावलावरून टेम्पोचं चाक गेलं होतं. मावशींनी मला ते कणीक मळता मळता सांगितलं होतं, नेहमीच्या आवाजात, "बोटं वाचली, देवाची कृपा." तेव्हा कुठलंही टेबल गेटपाशी मांडलं गेलं नव्हतं.

मी ज्या गावात वाढले, तिथला आमच्या दारावरून जाणारा रस्ता आधी खडीचा होता. आई रोज पहाटे सडा टाकायची, तो उंबऱ्यापाशी थांबायचा नाही, अर्धा रस्ता ओला व्हायचा. रांगोळीही रस्त्यावरच. बैलगाडीवाला, सायकलवाला ती चुकवून जायचा. दुपारी लगोरीचा डाव रस्त्याच्या मधोमध रचलेला असायचा. एसटी यायची वेळ ठाऊक होती, त्यामुळे तेवढ्यापुरते दगड उचलायचे आणि पुन्हा मांडायचे. मग एका उन्हाळ्यात रस्त्याचं डांबरीकरण झालं. पिंपातलं डांबर उकळण्याचा तो जड, गोडसर वास घरातल्या पांघरुणांनासुद्धा लागला होता. दुपारच्या उन्हात डांबर मऊ पडायचं, त्यात आम्ही पाच पैशांची चौकोनी नाणी टाचेनं दाबून बसवायचो. किती आनंद झाला होता आम्हाला त्या काळ्या, गुळगुळीत रस्त्याचा! चप्पल न घालता पळता यायचं. नंतर हळूहळू गाड्यांचा वेग वाढत गेला आणि आई सडा उंबऱ्याच्या आत टाकू लागली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. नगरपालिकेचा कुठलाही ठराव झाला नव्हता. रस्ता आमच्याकडून गेला, तो असा.

आता आई माझ्याकडे असते. तिला घेऊन समोरच्या मेडिकलमध्ये जायचं म्हणजे मी आधी मनाची तयारी करते. पादचाऱ्यांसाठी सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं आपल्याकडच्या मानकांत धरलं आहे. आमचा 18 मीटरचा रस्ता या हिशेबानं 15 सेकंदांत पार व्हायला हवा. आईला निदान 25 लागतात, आणि मध्ये ती एकदा थांबतेच, कारण तिला उजवीकडून येणाऱ्या गाडीचा अंदाज घ्यायचा असतो. त्या थांबण्याच्या क्षणी मला तिच्या मनगटाची नाडी माझ्या बोटांखाली जाणवते. ताशी 30 किलोमीटरच्या वेगानं धडक बसली तर माणूस बहुधा वाचतो, 50 वर वाचण्याची शक्यता झपाट्यानं घटते. आमच्या रस्त्यावर दुचाक्यासुद्धा 50 च्या खाली नसतात. मी गाडी चालवते तेव्हा मलाही तो रस्ता मोकळा, छान वाटतो. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच दिवशी अनुभवाला येतं.

निवेदन द्यायला काकांबरोबर मीही गेले होते. आवक-जावकच्या खिडकीत शिक्का मारून पोच मिळाली. ती पोच काकांनी किती जपून घडी करून खिशात ठेवली! शिक्क्याची शाई वाळायच्या आत पुसू नये म्हणून कागद थोडा वेळ हवेत धरला. मग आम्ही कनिष्ठ अभियंत्यांना भेटलो. तिशीतला मुलगा असेल, टेबलावर फायलींच्या चळती, शेजारी डबा उघडलेला आणि अर्धी पोळी तशीच राहिलेली. त्यानं आमचं नीट ऐकून घेतलं. गतिरोधकाला वाहतूक शाखेचा अभिप्राय लागतो, फूटपाथ पथ विभागाकडे, झाड उद्यान विभागाकडे, डीपी बॉक्स हलवायचा तर वीज कंपनीला पैसे भरावे लागतात, दिवे विद्युत विभागाकडे. माझ्या आईला जो रस्ता एका दमात ओलांडायचा आहे, तो त्या कार्यालयात पाच टेबलांवर वाटला गेला होता. गतिरोधकाबद्दल त्यानं कागदावर आकृती काढून दाखवली. नियमाप्रमाणे उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर, म्हणजे गाडी हळू होते पण आदळत नाही. "लोक सांगतात म्हणून रात्रीतून जे उंचवटे टाकले जातात, त्यांच्यावर दुचाकीवाले पडतात, मॅडम," तो म्हणाला. मला पटलं. खरं सांगायचं तर त्याच्याबद्दल मला मायाच वाटली.

पण मग तो म्हणाला, "तुमचा रस्ता ब्लॅक स्पॉटमध्ये येत नाही." ब्लॅक स्पॉटची व्याख्या केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राष्ट्रीय महामार्गांसाठी केलेली. साधारण 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू. आमच्या गल्लीबोळांच्या चर्चेतही तोच शब्द फिरतो. तो आकडा पोलिसांच्या नोंदींवरून ठरतो. टेम्पोच्या चाकाखाली आलेल्या त्या पावलाची नोंद झालीच नव्हती. टेम्पोवाल्यानं दवाखान्याचे पैसे दिले, मुलाचा बाप म्हणाला जाऊ दे, खाडा कोण करणार. रोज पहाटे टँकर अंगावर येतो म्हणून बाजूच्या चिखलात उडी मारणाऱ्या बाईची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातले 32,825 पायी चालणारे होते. एवढी माणसं त्या रकान्यात गेल्यावर तरी चालणाऱ्याचं म्हणणं तो मरायच्या आधी विचारायला हवं की नाही?

निवेदन कुणाला द्यायचं, हाही त्या काळात प्रश्नच होता. मार्च 2022 मध्ये मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे अशा कितीतरी महापालिकांची मुदत संपली आणि मग जवळजवळ चार वर्षं राज्यभर प्रशासकांचा कारभार चालला. आमच्याकडेही तेच. माजी नगरसेवक भेटायचे, "माजी आहे हो आता" म्हणायचे. जानेवारी 2026 मध्ये निवडणुका झाल्या तेव्हा त्याच गेटपाशी, जिथे टेबल मांडलं होतं तिथेच, एकेका पॅनेलची माणसं हात जोडून उभी होती. प्रत्येकाच्या पत्रकात "सुरक्षित रस्ते" होते. आता आम्हाला नगरसेवक मिळाले, एका प्रभागात चार. रस्ता नेमका कुणी धसास लावायचा, हे त्या चौघांत ठरायला आणखी काही महिने गेले. तरी मला ते चार वर्षांच्या मुकेपणापेक्षा फार बरं वाटतं. निदान दार ठोठावायला दार आहे.

अर्ज-निवेदनांनी काही होत नाही, असं सोसायटीतली तरुण मुलं म्हणतात. मी त्यांना खड्ड्यांच्या खटल्याबद्दल सांगते. 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी मुंबईच्या रस्त्यांची दैना पाहून मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, आणि त्या पत्रालाच न्यायालयानं जनहित याचिका करून घेतलं. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच प्रकरणात आदेश झाला की खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कुणी दगावलं तर वारसांना 6 लाख रुपये, आणि जखमींना दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख. एका पत्रानं सुरू झालेली गोष्ट बारा वर्षांनी इथवर आली. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की चालण्याजोगा फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या 21 व्या कलमाचा भाग आहे. त्या कलमात "व्यक्ती" असा शब्द आहे, आणि व्यक्ती म्हणवून घ्यायला फ्लॅट नंबर लागत नाही. पुणे महापालिकेनं तर 2016 सालीच पादचाऱ्यांसाठी वेगळं धोरण मंजूर केलं होतं. म्हणजे कागदाची उणीव आपल्याकडे नाही. तो कागद आमच्या गुलमोहराच्या मुळापर्यंत पोचायचा राहिला आहे.

माझी भाची नेदरलँड्सला असते. तिथले सायकलींचे रस्ते, शांत गल्ल्या यांचे फोटो ती पाठवते तेव्हा सगळे म्हणतात, त्यांची गोष्टच वेगळी. पण 1971 या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर 3,000 हून जास्त माणसं मेली होती आणि त्यांत 400 हून अधिक मुलं होती. आया रस्त्यावर आल्या, मोर्चे निघाले. 1972 मध्ये अॅमस्टरडॅमच्या डे पाइप या दाटीवाटीच्या भागातल्या शाळकरी पोरांनी आमच्या गल्लीत गाड्या नकोत, आम्हाला खेळायला जागा हवी म्हणून घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. ती चित्रफीत मी पाहिली आहे. कागद घेऊन दारोदार जाणारी पोरं, आणि त्यांच्यावर खेकसणारे मोटारवाले. त्या मुलांना मत नव्हतं, त्यांच्या नावावर घर नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की या गल्लीत आम्ही असतो.

ते पाहिल्यावर मी काकांकडे गेले. आमच्या पहिल्या निवेदनाला "निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करण्यात येईल" असं उत्तर आलं होतं, त्यामुळे दुसरं द्यायचंच होतं. मी म्हटलं, काका, या वेळी फ्लॅट नंबरचा रकाना काढू या. ते म्हणाले, मग कोण कुठला माणूस हे कळणार कसं? वजन राहणार नाही निवेदनाला. आमचं बरंच बोलणं झालं, थोडं चढ्या आवाजातही. शेवटी काकूंनी आतून चहा आणला आणि म्हणाल्या, "अहो, पत्त्याऐवजी ती माणसं कितीला आणि कुठे रस्ता ओलांडतात ते लिहा ना. कामाचं तरी होईल." काका गप्प बसले, मग त्यांनी स्वतः पट्टी घेऊन कागदावर नवे रकाने आखले. नाव, रस्त्यावरून जाण्याची वेळ, ओलांडण्याची जागा, सही.

वस्तीत आम्ही संध्याकाळी गेलो, बायका कामावरून परतल्यावर. एका ओट्यावर कागद ठेवले. आधी कुणी पुढे येईना. सही म्हटलं की माणसं बिचकतात, पूर्वी कुठे कुठे सह्या करून काय काय झालेलं असतं. मावशींनी पहिली सही केली. पेन घट्ट धरून, अक्षराला अक्षर जोडून, वर शिरोरेघ सावकाश ओढत, आणि संपल्यावर नाव पुन्हा एकदा वाचून बघितलं. मग वेळेच्या रकान्यापाशी थांबल्या. "जायची का यायची?" दोन्ही लिहा म्हटलं. साडेपाच, एक, चार, साडेसात. रकाना पुरेना, बाजूला समासात लिहिलं. त्यांच्यामागून बाकीच्या आल्या. काहींनी अंगठे दिले. एका मुलीनं विचारलं, माझ्या शाळेची वेळ लिहू का. लिही म्हटलं. नावं घेता घेता भांडणंही झाली, कुठे ओलांडायला सोपं यावर. "टाकीपाशी दुभाजक तुटलाय तिथनं", "तिथनं न्हाई, तिथं वळण हाय, टँकर दिसतच न्हाई, अंगणवाडीपाशी बरं."

घरी येऊन मी आणि काका जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो. आम्ही गतिरोधक मागितला होता आमच्या गेटसमोर. कागदांवर बहुतेक सगळ्यांची जागा होती पाण्याच्या टाकीजवळचं वळण, गेटपासून बरंच पुढे, जिथे आमच्यापैकी कुणी पायी जातच नाही. आणि वेळ होती पहाटेची. झेब्राचे पट्टे आम्ही जिथे मागितले, तिथे ओलांडणारं जवळपास कुणीच नव्हतं. काका चष्मा काढून बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आपली मागणी बदलायला हवी." सोसायटीच्या सभेत काही जणांना ते आवडलं नाही. आपण मेहनत घेतो आणि गतिरोधक दुसरीकडे, असा सूर निघाला. मला त्यांचंही समजतं, आजोबांना धक्का गेटसमोरच बसला होता. म्हणून निवेदनात आता दोन्ही जागा आहेत, पण वळण आधी.

त्यात आणखी एक विनंती घातली आहे. आधीची स्थळपाहणी सकाळी साडेअकराला झाली होती. त्या वेळी रस्ता इतका रिकामा असतो की कुत्री मधोमध झोपलेली असतात, आणि अहवालात "वाहतूक विरळ" असं लिहिलं गेलं. या वेळची पाहणी सकाळी सहाला व्हावी, वळणावर, आणि तिथून रोज जाणाऱ्यांच्या समक्ष, असं लिहून दिलं. कनिष्ठ अभियंत्यानं ते वाचलं, थोडा विचार केला आणि सहाला येतो म्हणाला. आमच्या चार नगरसेवकांपैकी एक ताईही येणार आहेत. पाऊस असला तर पुढे ढकलू, असं त्यांचं म्हणणं होतं. पावसातच या, असा आग्रह मी धरला आहे, कारण पाऊस पडला की वळणावर गुडघाभर पाणी साचतं, फूटपाथची कड दिसेनाशी होते आणि साऱ्याजणी डब्याच्या पिशव्या डोक्यावर घेऊन रस्त्याच्या मधून चालतात. त्यांनी बघायचं आहे ते हेच.